आण्णांच्या दाताची खाच

मी दातांची डॉक्टर. कोल्हापुरात माझा दवाखाना आहे आणि निम्म्या पेठेचे दात माझ्या हाताखालून गेलेत. फक्त वडिलांचे नव्हते. "लेकीम्होरं आ वासून बसू व्हय मी?" हा आण्णांचा ठरलेला जबाब. दाढ दुखली तर ते लवंग धरायचे. फारच ठणकली तर हातकणंगल्यातच कुणाकडून तरी उपटून घ्यायचे आणि गालाला मफलर गुंडाळून बसायचे. मला कळायचं ते आईकडून, सगळं उरकल्यावर. मी फोनवर तणतणायचे, ते पलीकडून "बरं बरं" म्हणायचे आणि फोन आईच्या हातात द्यायचे.

शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत ते प्याटर्न करायचे. म्हणजे पंप असो की गिअरचं घर असो, लोखंडात जे ओतायचं ते आधी लाकडात घडवायचं. मग ते लाकूड वाळूत दाबतात, काढून घेतात आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओततात. कारखान्यात त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. लहानपणी मी डबा द्यायला गेले की ते वाकून काम करत असायचे आणि ओठांत नि दातांत बारीक मोळे धरलेले असायचे. एकेक मोळा जिभेनं पुढे यायचा, बोटांत जायचा आणि लाकडात बसायचा. त्यामुळे ते माझ्याशी बोलायचे नाहीत, नुसती मान हलवायचे. मला वाटायचं, माझे वडील कामावर मुके असतात.

प्याटर्नची खोली आणि वाळूचा शेड यांच्यात एक पत्रा होता. पलीकडे साचे फोडायचे, वाळू झटकायचे, घासायचे. अलीकडे आण्णा रंधा मारायचे आणि समजायचे की आपण लाकडातले आहोत, वाळूशी आपला काय संबंध. त्या पत्र्याला वरून वीतभर फट होती. त्या फटीतून काय येत होतं ते निवृत्तीनंतर छातीच्या फोटोत दिसलं. छातीच्या डॉक्टरांनी तो फोटो उजेडावर धरून मला दाखवला. तेही डॉक्टर, मीही डॉक्टर, नाव घ्यायची गरज नव्हती. आण्णांनीच विचारलं, "वाळू हाय न्हवं?" आणि मग मला म्हणाले, "मी तर वाळूला हातबी लावला न्हाई गं." त्यांना वाईट वाटलं होतं ते फसवणुकीचं. आजार त्यांनी त्यामानाने निमूट घेतला.

मग घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. हातकणंगल्याच्या घरात सोप्यात ते घरघरत असायचं आणि त्याची नळी आण्णांच्या नाकाशी. पायऱ्या बंद झाल्या, शेताकडची फेरी बंद झाली. राहिला एक रविवार. रविवारी सकाळी शिरोलीचे त्यांचे जुने सोबती यायचे. भट्टीवरचा एक, साचे करणारे दोघं, कधी आणखी कुणी. चहा व्हायचा, कारखान्याच्या मालकाला चार शिव्या व्हायच्या. आण्णा फार बोलू शकायचे नाहीत, पण दातात काडेपेटीची काडी धरून मधोमध बसायचे आणि योग्य जागी हुंकार द्यायचे. आठवड्यातला तो एक दीड तास ते मिस्त्री असायचे. बाकीचे दिवस नुसते पेशंट.

आणि ऐन थंडीत, साखर कारखान्यांची धुराडी पेटलेली असताना, न्हाणीघरात खोकल्याची उबळ आली नि ते पडले. तोंडावरच. वरचा पुढचा दात हिरडीशेजारून तिरका तुटला. तुकडा पाण्याबरोबर मोरीत गेला. हाड मोडलं नाही म्हणून आम्ही सगळ्यांनी देवाचे आभार मानले. त्या रविवारी सोबती आले तर आण्णा आतल्या खोलीतून बाहेरच आले नाहीत. आईनं "झोप लागलीया" म्हणून सांगितलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्यानंतर आईचा फोन आला. "अगं, त्यांनी तोंडावर पंचा धरलाय बघ. माझ्याशी बोलतानाबी. येणारी माणसंबी आता येईनाशी व्हतील."

माझा चुलतभाऊ, जो गावातल्या घरी आई-आण्णांचं सगळं बघतो, तो म्हणाला, "आता ह्या अवस्थेत दाताचं काय घेऊन बसायचं, ताई? श्वास घेऊ दे की नीट." तो वाईट अर्थानं बोलला नव्हता. पण मी भडकले. श्वास काही माझ्या हातात नव्हता. छातीवाल्यांच्याही हातात नव्हता. दात होता. आण्णांना किती दिवस आहेत हे मला साधारण ठाऊक होतं, आणि ते दिवस पंच्याआड जाणार होते हे मला सहन होत नव्हतं. त्यांना पुन्हा रविवारी बाहेर बसलेलं बघायचं, एवढंच मी मनात धरलं.

मी घरी गेले तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून बसले होते. म्हटलं, "आण्णा, माप घ्यायला आता तो लगद्याचा साचा तोंडात कोंबत नाही. कॅमेरा आहे. बोटाएवढा. मधे मधे थांबता येतं." त्यांनी मान जराशी वळवली. मग पंच्यातूनच म्हणाले, "साचा न्हाई? मग माप कसं घेतीस?" त्या प्रश्नावर मला कळलं की ते येणार.

मी गाडी घेऊन आले. ऑक्सिजनची टाकी मागच्या सीटवर आईच्या मांडीला टेकून. दवाखान्यात त्यांना आडवं करणं शक्यच नव्हतं, आडवं झालं की ते गुदमरायचे. खुर्ची सरळ ठेवली आणि मी उभी राहून काम केलं. नळी नाकाशी तशीच ठेवली. डोक्यावरचा दिवा विझवला, कारण त्या झगझगाटात स्कॅनर गोंधळतो. कॅमेऱ्याचं टोक आधी गरम होऊ दिलं, नाहीतर श्वासाची वाफ धरते. आण्णांचा श्वास तोंडानंच चालायचा, त्यामुळे तरीही काच धुरकट व्हायची आणि मी पुसत राहायचे. आधी नुसता वरचा ओठ उचलून उरलेला दात तासून घेतला. हिरडीच्या कडेनं बारीक दोरा दाबून ती बाजूला केली, म्हणजे दाताची कड स्पष्ट दिसते. कड दिसली नाही तर पुढचं सगळं फुकट.

मग मी त्यांना म्हटलं, "आता पुरता आ करा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि आ केला. लेकीसमोर, पहिल्यांदा.

मागच्या दाढांपासून सुरुवात करायची, चावायच्या बाजूवरून सावकाश पुढे यायचं, हे मी शिकणाऱ्या मुलांना नेहमी सांगते. पुढच्या दातांवर आलं की हात जरा डोलवायचा, कारण त्यांची धार पातळ असते आणि कॅमेरा वाट चुकतो. मग टाळूच्या बाजूनं मागे. मी चार दात घ्यायचे आणि थांबायचे. आण्णा तोंड मिटून दम घ्यायचे, आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची, आणि मी जिथे सोडलं तिथून पुन्हा धरायचे. पडद्यावर त्यांचं तोंड तुकड्यातुकड्यांनी जुळत होतं. माझं लक्ष हातावर होतं. स्कॅन पुरा झाल्यावर मी पडद्याकडे नीट बघितलं.

त्यांच्या दाढांना उंचवटे उरलेच नव्हते. सगळ्या सपाट, घासलेल्या पाट्यासारख्या. रात्री दात खाणाऱ्यांचे दात झिजतात, पण ते असे नाही, सगळीकडे सारखे नाही. ही झीज मी पुस्तकात वाचली होती. धूळ चावून चावून होते. आमच्या घरी भाकरी करताना आई पीठ दोनदा चाळायची, कचकच लागली की आण्णा ताट सरकवायचे. आणि तिकडे पत्र्याआड ते डबा खात होते तो वाळूसकट. जी वाळू आत गेली ती आधी इथून गेली होती. मी दातांची डॉक्टर होते. छातीच्या फोटोच्या कितीतरी आधी हे मला दिसू शकलं असतं, जर त्यांनी एकदा आ केला असता. मला त्यांचा राग आला, आणि ते दमून डोळे मिटून बसलेले होते, म्हणून रागाचं काय करावं कळेना. मी वळून हात धुतले.

दाताचा रंग मी खिडकीशी, दिवसाच्या उजेडात जुळवला होता आणि तोही काम सुरू करायच्या आधीच, कारण तोंड उघडं राहून दात सुकला की तो आहे त्याहून पांढरा दिसतो. आण्णांच्या दाताचा रंग जुन्या चहाचा. माझ्या पेशंटांतल्या नव्या नवऱ्या मागतात तसला पांढरा नाही.

तात्पुरता दात बसवून मी त्यांना पडद्यासमोर खुर्ची दिली. नवा दात कसा घडतो ते दाखवलं. शेजारचा दात धरायचा, त्याची आरशातली प्रतिमा करायची आणि ती तुटलेल्या जागी बसवायची. संगणक एका क्षणात करतो. दोन्ही दात जुळ्यांसारखे दिसतात. मला ते नेहमीच आवडायचं, आणि मी आण्णांना जरा मिरवूनच दाखवलं. त्यांनी विचारलं, "आणि हे कशात करत्यात?"

"झिर्कोनियात. खडूसारखा ठोकळा असतो, तो मशिनवर कोरतात. मग भट्टीत भाजतात. भाजल्यावर तो आकसतो, म्हणून आधी मोठा कोरायचा."

आण्णांनी तोंडावरचा पंचा खाली घेतला. "किती मोठा?"

"पाचव्या हिश्श्यानं वगैरे."

"आरं बापरे. आमचं बीड येवढं आकसत न्हाई." आणि मग ते धापा टाकत, थांबत थांबत बोलायला लागले. त्यांच्याकडे एक वेगळी पट्टी होती, तिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा किंचित मोठा. लोखंड निवताना आकसतं, तेवढा वाढावा त्या पट्टीतच धरलेला. ती पट्टी मी घरात लहानपणापासून पाहिली होती. एकदा मी त्या पट्टीनं वहीत समास आखला म्हणून त्यांनी ती माझ्या हातातून ओढून घेतली होती. ती का वेगळी होती ते मला त्या दिवशी कळलं. "भट्टी किती डिग्रीला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पंधराशेच्या आसपास. "म्हंजे बिडापेक्षा जास्त," असं ते स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी नवा आदर असल्यासारखं पडद्यावरच्या त्या दाताकडे बघितलं. आयुष्यात आम्ही दोघं एकमेकांशी इतकं बोललो नव्हतो. आई म्हणाली, "बास आता, दम लागंल." लागलाच होता.

दात तयार होऊन येईपर्यंत ते आणखी खाली गेले. गाल बसले, मनगटं काडीसारखी झाली. माणूसही आकसत जातो, त्याचा वाढावा मात्र कुणी धरलेला नसतो. आता त्यांना कोल्हापूरला आणणं शक्य नव्हतं, म्हणून मीच सामान घेऊन घरी गेले. छोटं मशिन, पाण्याची पिचकारी, पॉलिश करायची रबरं. खिडकीशी खुर्ची लावली.

दात चपखल बसला. कड हिरडीशी जिथे हवी तिथे, शेजारच्याशी अगदी जुळा. मी आरसा दिला. आण्णांनी बराच वेळ पाहिलं. "झकास हाय," ते म्हणाले. मग त्यांची जीभ ओठांमागे हलायला लागली. काहीतरी शोधत होती. त्यांनी उशाची काडेपेटी घेतली, एक काडी काढली आणि दातात धरली. काडी निसटून मांडीवर पडली. पुन्हा धरली. पुन्हा पडली.

"झकास हाय," ते पुन्हा म्हणाले. "पर ह्यो कुणाचा?"

मला काही समजेना. आईला समजलं. "अगं, त्यांच्या त्या दाताला खाच व्हती की. मोळे धरून धरून पडलेली. काडी तिथंच बसायची." तिनं आपल्या दातावर नखानं दाखवलं. म्हणजे जगात त्या खाचेची माहिती दोघांनाच होती. मिशीखाली आणि मिटल्या तोंडात ती मला कधी दिसली नव्हती, आणि तुटलेला तुकडा मोरीतून गेला होता. शेजारचा दात धडधाकट, त्याची प्रतिमाही धडधाकट. मी आण्णांच्या तोंडात एक अनोळखी दात बसवला होता.

"ऱ्हाऊ दे," आण्णा म्हणाले. "चांगला हाय. लेकीनं केलाय." आणि हात हळूच पंच्याकडे गेला.

मी पंचा आधी उचलला. लॅबवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, चांगला दात कशाला बिघडवताय?" मी फोन ठेवला. दात अजून चिकटवला नव्हता, तो काढून बोटांत धरला. झिर्कोनियाला खाच पाडायची तर हिऱ्याची बारीक टोकं लागतात आणि पाणी सतत पडावं लागतं, नाहीतर तापून तडा जातो. आई पिचकारीनं पाणी सोडत होती. आण्णांनी तिला माळ्यावरचा डबा काढायला लावला होता. त्यात मोळे होते. गंजलेले, बारीक. त्यातला एक त्यांनी कितीतरी वेळ निवडला आणि बोटांत धरून बसले.

मी जरासं घासायचे, दात तोंडात बसवून बघायचे, ते मोळा लावून बघायचे. "जरा डावीकडं." पुन्हा घासायचे. "आता खोली. न्हाई, येवढी न्हाई, किंचित." त्यांच्या आवाजात पेशंट नव्हता. माझ्यावर ते मिस्त्रीसारखे खेकसत होते आणि मी एखाद्या नव्या गड्यासारखी "व्हय, व्हय" करत होते. शेवटी त्यांनी दातात मोळा धरला, मान खाली घातली, मोळा राहिला. मग त्यांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मी खाच रबरानं गुळगुळीत करून दात चिकटवला.

त्या रविवारी आईनं सोबत्यांना मुद्दाम सांगावा धाडला. भट्टीवरचे काका आले, साचेवाले दोघं आले. मीही थांबले होते. आण्णा सोप्यात मधोमध बसले, नाकाशी नळी, दातात काडी. भट्टीवरचे काका दारातूनच ओरडले, "काय मिस्त्री, सासुरवाडीला गेलता व्हय? दिसंना झालता." आण्णा काडी न काढता हसले. मालकाला शिव्या झाल्या. चहा झाला. मी आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून ते बघितलं आणि डोळे भरून आले तरी उठून आत गेले नाही. मला ते संपेपर्यंत बघायचं होतं. असा एकच रविवार मिळाला. पुढच्या रविवारी सोबती आले ते खांदा द्यायला.

कोल्हापूर भागात आम्ही माणसाला शेणींवर, म्हणजे गोवऱ्यांवर, ठेवतो. शेणींचा जाळ लवकर दिसत नाही, पण आतून खूप धरतो, आणि थंडीत तो विझायला वेळ लागतो. रक्षाविसर्जनाला आम्ही सगळे पुन्हा तिथे गेलो तेव्हा राख अजून ऊबदार होती. चुलतभावानं पाणी शिंपडलं, दूध शिंपडलं आणि वाकून अस्थी वेचायला लागला. आण्णांच्या हाडांचं फारसं काही उरलं नव्हतं. हातात घेतलं की भुगा. दातांचंही तसंच होतं, मला ते माहीत आहे, जळलेला दात बोटांत टिकत नाही.

"ताई," तो एकदम म्हणाला, "हे बघ." त्याच्या तळहातावर एक दात होता. अख्खा. चहाच्या रंगाचा.

माणसं गोळा झाली. "मिस्त्रीचा दात," कुणीतरी म्हणालं. "बघा की, आगीनंबी हात लावला न्हाई. पुण्यवान माणूस." भट्टीवरच्या काकांनी टोपी काढून हात जोडले. माझ्या मामांनी त्या दाताला कपाळ लावलं. तिथे आईला आणि मलाच ठाऊक होतं की हा दात लॅबच्या भट्टीतून शेणींपेक्षा कितीतरी मोठा जाळ सोसून आलेला आहे आणि त्यात पुण्याचा काही भाग नाही. आण्णांना ठाऊक होतं, पण आण्णा त्या राखेत होते.

चुलतभावानं दात आईच्या हातावर ठेवला. आईनं तो पदरानं पुसला, उलटा केला आणि अंगठ्याचं नख त्याच्या कडेवरून फिरवलं. एका जागी नख अडकलं. तिथेच तिनं ते ठेवलं. तिला सगळं माहीत होतं, पाणी तिनंच सोडलं होतं. तरी तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "त्यांचाच हाय न्हवं गं?"

"व्हय, आई," मी म्हटलं. "त्यांचाच."

मला तो मागायचा होता. मी हात पुढेही केला होता. पण तिनं तो अस्थींच्या मडक्यात टाकला, वर फडकं बांधलं, आणि घरी पाहुण्यांना सुतकातली काळी कॉफी द्यायला कुणी थांबलंय का ते विचारायला वळली.

दवाखान्याच्या संगणकात आण्णांचा दात अजून आहे. मी एक बटण दाबलं तर लॅब तसाच दुसरा करून पाठवेल, तिसराही पाठवेल. तो शेजारच्या दाताचा जुळा आहे, धडधाकट. त्याला खाच नाही.